तळमजला, मांजर आणि म्हातारा कुत्रा: पावसाळ्याची तयारी कशी करता?

केतकी_पश्चिम · २ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आम्ही कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर, तळमजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, चिंगी (मांजर, वय ३, स्वभाव कलेक्टरचा) आणि बंड्या (गावठी कुत्रा, वय १३, वजन २८ किलो, मागचे पाय अधू). मागच्या वर्षी १९ ऑगस्टला मिठी फुगली तेव्हा पाणी आमच्या उंबऱ्याला लागून थांबलं. पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना शाळेत हलवलं. ओळखीतल्या एक बाई मात्र गेल्याच नाहीत, कारण त्यांच्या दोन मांजरी पलंगाखालून बाहेर येईनात. रात्रभर त्या पलंगावर टॉर्च घेऊन बसल्या होत्या.

यंदा गाफील राहायचं नाही असं ठरवलंय. शोधाशोध केली तर सगळ्या याद्या परदेशातल्या. गाडीत अमुक ठेवा, गॅरेजमध्ये तमुक ठेवा, प्राणी चालतील असं हॉटेल बघून ठेवा. आमच्याकडे गाडी नाही आणि गॅरेज म्हटलं की आम्हाला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आठवतो. तर मुंबईच्या हिशेबाने सांगा, पिशवीत नक्की काय काय भरून ठेवायचं?

बोकोबा · २ मे, १०:५२

पहिला! चिंगीचा स्वभाव कलेक्टरचा असेल तर पिशवीने काय होणार? लवाजमा लागेल. पट्टेवाला म्हणून तुमच्या मिस्टरांचं नाव सुचवतो.

सुमनकाकू_कलिना · २ मे, ११:३०

पिशवीचं इतर लोक सांगतीलच. मी वेगळंच सांगते.

२६ जुलै २००५. मी नोकरीला फोर्टात. तिथे पाऊस म्हणावा तसा नव्हताच. दुपारी गाड्या बंद झाल्याचं कळलं तेव्हा वाटलं, नेहमीचंच. दादरपर्यंत कशीबशी पोचले, पुढे चालत. सायनला कंबरभर पाणी. एका अनोळखी घरात रात्र काढली, त्यांनी चहा-पोहे दिले, ऋण फिटायचं नाही. पण डोक्यात एकच, घरी सोनी एकटी. आमचं घर तेव्हा तळमजल्यावर, आणि सकाळी निघताना मी पावसाची झड आत येते म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. दार फुगून बसलेलं, दोघांनी खांदे लावले तेव्हा उघडलं. आत गॅसचा सिलिंडर आडवा पडून मोरीच्या तोंडाशी अडकलेला. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. हाका मारल्या, काही नाही. मी खाली बसून रडायला लागले तेव्हा वरून बारीक आवाज आला. माळ्यावर गाद्यांची वळकटी होती, तिच्या पोकळीत सोनी. कपाटाचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं, त्यावरून चढली असणार. ते दार मी विसरले होते उघडं. नेहमी लावते.

शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे काका घरीच होते हो. त्यांना माहीत होतं आत मांजर आहे. पण किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि पर्स माझ्याबरोबर सायनला.

तेव्हापासून आमची एक किल्ली कायम वरच्या मजल्यावर असते. घर बदललं तरी.

पार्ल्याची_पुरणपोळी · ३ मे, सकाळी ७:१५

काकू, सकाळी सकाळी रडवलंत. किल्लीचं मला आजवर सुचलंच नव्हतं. आमची दुसरी किल्ली बदलापूरला नणंदेकडे आहे :(

भरतीओहोटी · ३ मे, ९:०५

काकूंना फोर्टात पाऊस जाणवला नाही ते बरोबरच आहे. त्या दिवशी २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी. एकाच शहरात! त्यामुळे 'ऑफिसच्या खिडकीतून तर ऊन दिसतंय' यावर घरचा अंदाज बांधू नका.

माझं आवडतं काम म्हणजे भरतीचं वेळापत्रक. पालिका दर पावसाळ्याआधी मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते, साडेचार मीटरच्या वरचे. ते कॅलेंडरवर लाल पेनाने मांडून ठेवा. भरती मोठी असली की समुद्राचं पाणी गटारांतून उलटं आत येऊ नये म्हणून मुखावरची दारं बंद ठेवावी लागतात, मग पंपांवर सगळी भिस्त. नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस झाला तर पाणी कुठे जाणार? हिंदमाता, मिलन सबवे, तुमचा उंबरा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज दुपारी बाराला असेल तर उद्या एकच्या सुमारास. लाल खुणेच्या दिवशी जोराच्या पावसाचा इशारा असेल तर कुत्र्याला भरतीच्या दोन तास आधी फिरवून आणा आणि घरातला एक जण घरीच राहील असं बघा.

आणि जून उजाडायची वाट बघू नका. २०२५ ला २६ मेलाच मान्सून मुंबईत आला होता.

स्पष्टवक्ता · ३ मे, ९:४०

माफ करा, कोणाला राग येईल. शहरात माणसं वाहून जातात, दरडी कोसळतात, आणि इथे मांजराची पिशवी भरायची चर्चा. बोटीत जागा चार माणसांची असेल तर कुत्रा बसवणार का? आधी माणूस, मग बाकीचं. उगाच कौतुकं वाढवून ठेवलीत शहरी लोकांनी.

बोकोबा · ३ मे, ९:४३

आले. मी म्हणतच होतो, धाग्याला दृष्ट कशी लागली नाही अजून.

केतकी_पश्चिम · ३ मे, १०:१०

स्पष्टवक्ता, माझ्या पहिल्याच पोस्टमधल्या बाई परत वाचा. त्या बाई माणूसच आहेत. मांजरी निघेनात म्हणून त्या निघाल्या नाहीत. पाणी आणखी दोन फूट चढलं असतं तर रात्री त्यांना काढायला कोणीतरी माणूसच आत गेला असता.

डॉ_शेपूट · ३ मे, दुपारी १:२०

(पशुवैद्य आहे, उपनगरात दवाखाना आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.)

केतकी म्हणतात तसंच अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात मोठ्या प्रमाणावर झालं. प्राणी नेऊ देत नाहीत म्हणून लोक घरातच थांबले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार करणं भाग पडलं. दया आली म्हणून केलं असेलही, पण मुळात माणसं बाहेर पडावीत म्हणून केलं.

आता कामाचं. पिशवीपेक्षा आधी लस. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो, कुत्र्यांना आणि माणसांनाही. कुत्र्यांना लेप्टोची लस असते, पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. दोन डोस पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून मेमध्येच या. जुलैत पाणी भरल्यावर फोन करून 'डॉक्टर, आता येऊ का' विचारणारे दर वर्षी असतात. आणि लस घेतली तरी पाण्यातून आलेल्या कुत्र्याला धुवा, पोट आणि बोटांमधल्या फटी कोरड्या करा, पंजे चाटू देऊ नका. तुम्ही स्वतः त्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असो वा नसो, २४ ते ७२ तासांत तुमच्या डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. मालक तापाने आडवा झाला तर कुत्र्याला कोण बघणार?

मांजरवाल्यांसाठी दोन गोष्टी. पाणी ओसरल्यावर सगळं घर फिनेलने पुसायची आपली पद्धत आहे. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. ती फिनेलवरून चालते, पंजे चाटते आणि दोन दिवसांनी माझ्याकडे येते. साबणाच्या पाण्याने पुसा. दुसरं, भिजून ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नका. अर्धीही नाही, पावही नाही. मरते.

सुमनकाकू_कलिना · ३ मे, १:४५

फिनेलचं अगदी पहिल्यांदा ऐकलं! सोनी गेली त्याला आता बारा वर्षं झाली, पण त्या पुरानंतर आठवडाभर खात नव्हती. मला वाटलं भीतीने. मी तर बादलीभर फिनेल ओतलं होतं.

डॉ_शेपूट · ३ मे, १:५०

भीतीनेही असेल काकू. वाचली ना, पुढे इतकी वर्षं जगली ना. मनाला लावून घेऊ नका.

तबेल्यातला_पोर · ३ मे, रात्री ९:३५

सहसा लिहीत नाही. काकूंचं वाचून लिहावंसं वाटलं.

२००५ ला मी नववीत. वडील जोगेश्वरीला एका तबेल्यात कामाला, आम्ही तिथेच मागच्या खोलीत राहायचो. संध्याकाळी पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा मालक म्हणाला, उतरेल. अंधार पडला, लाइट गेली, पाणी मांडीवर. म्हशी ओरडायला लागल्या. म्हैस पोहण्यात तरबेज असते, तिला पाण्याची भीती नाही. पण दावं आखूड होतं, गव्हाणीच्या खालच्या कडीला बांधलेलं. पाणी चढेल तसं तिला मान वर नेता येईना. वडिलांनी कोयता घेतला आणि एकेक दावं तोडत गेले. दोरी भिजून इतकी आवळली होती की गाठ सुटायचा प्रश्नच नव्हता. मी कंदील धरला होता. सुटलेली म्हैस अंगावरून जायची, एकीचं शिंग माझ्या कमरेला लागलं, वण अजून आहे. आमच्या बहुतेक वाचल्या, रस्त्यावर उंचवट्याला जाऊन उभ्या राहिल्या.

शेजारच्या गोठ्यात दाव्यांऐवजी साखळ्या होत्या. कोयत्याने साखळी तुटत नाही. पुढचं लिहीत नाही.

माझं एवढंच सांगणं आहे की कुत्र्याला बांधून बाहेर जाऊ नका. पावसाळ्यात तर नाहीच. पिंजऱ्यात कोंडून तर मुळीच नाही. आता माझ्याकडे कुत्री आहे, तिच्या गळ्यातला पट्टा सुद्धा एका हाताने निघेल असा, चापाचा घेतलाय.

पार्ल्याची_पुरणपोळी · ३ मे, ९:५०

_/\_

भरतीओहोटी · ३ मे, १०:०२

काय लिहावं कळत नाही. वडिलांना नमस्कार सांगा.

मत्स्यप्रेमी_माहीम · ४ मे, सकाळी ८:३०

वातावरण फार गंभीर झालंय म्हणून माझ्या सत्तावीस माशांच्या वतीने दोन शब्द. पाण्यात राहणाऱ्यांना पुराची काय भीती, हा विनोद कृपया कोणी करू नये, माझे सासरे दर वर्षी करतात. माशांचा शत्रू म्हणजे गेलेली लाइट. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवा, सेल वेगळे ठेवा. तो नसेल तर दर थोड्या वेळाने मगाने पाणी उचलून उंचावरून त्याच टाकीत सोडा. आणि लाइट नसताना खायला घालू नका, उपाशी मासा चार दिवस सहज राहतो, पण खाऊन पाणी घाण झालं की संपलं.

बोकोबा · ४ मे, ८:३४

पण पाण्यात राहणाऱ्यांना पुराची काय भीती?

मत्स्यप्रेमी_माहीम · ४ मे, ८:३५

सासरेबुवा, तुम्ही इथे सदस्य कधी झालात?

लोखंडवाला_नसलेला · ४ मे, ११:००

तौक्ते वादळाच्या वेळचा अनुभव (१७ मे २०२१). आम्ही अकराव्या मजल्यावर, मला वाटायचं पाणी भरतं ते तळमजल्यावाल्यांचं दुखणं. वाऱ्याने बाल्कनीच्या सरकत्या काचेचा एक पल्ला रुळावरून निघाला आणि आमचा बोका ज्या जाळीवर दिवसभर चढून बसायचा ती जाळी एका कोपऱ्यात उचकटली. तो बाथरूममध्ये होता म्हणून वाचला. वादळाचा इशारा आला की मांजर खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत, बाल्कनीतला पक्ष्यांचा पिंजरा आत. आणि अकराव्या मजल्यावरही लाइट जाते, लिफ्ट बंद पडते. कुत्रा असता तर अकरा जिने.

स्पष्टवक्ता · ४ मे, ११:२५

बाल्कनीतल्या पिंजऱ्याचं विचारायचं होतं. पिंजरा आत घेतला तरी पोपट रात्रभर पंख आपटतो विजा कडाडल्या की. काय करतात?

बोकोबा · ४ मे, ११:२६

थांबा थांबा थांबा. कोणाचा पोपट?

स्पष्टवक्ता · ४ मे, ११:४०

आईचा आहे. मिठू. हसू नका. पिंजऱ्यावर चादर टाकली तर आई म्हणते गुदमरेल.

डॉ_शेपूट · ४ मे, दुपारी १:१५

जाड चादर नको, सुती ओढणी, तीन बाजूंनी, एक बाजू उघडी. खोलीत मंद दिवा ठेवा, पूर्ण अंधारात पक्षी जास्त बिथरतो.

एक सांगायला हवं. आपला हिरवा, गळ्याला पट्टा असलेला पोपट वन्यजीव कायद्याने (१९७२) संरक्षित आहे, घरात पाळता येत नाही.

स्पष्टवक्ता · ४ मे, १:२२

हे माझ्या आईला तुम्ही सांगा. मी ८२ वर्षांच्या बाईला सांगून बघितलं, दोन दिवस जेवण बंद झालं. तिचं नाही, माझं.

केतकी_पश्चिम · ४ मे, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. पण मंडळी, पिशवी! :)

निवृत्त_स्टेशनमास्तर · ५ मे, सकाळी ६:२०

माझी पिशवी दाराच्या मागे खुंटीवर असते, जमिनीवर ठेवू नका, पहिली तीच भिजते. आत: झाकणाच्या प्लास्टिक बरणीत सात दिवसांचं कोरडं खाणं, दोन लिटर पाणी, स्टीलची वाटी, जुनी चादर, दोन जुने टॉवेल, चालू असलेली औषधं पंधरा दिवसांची. लसीच्या पुस्तकाचे फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स झिपच्या पाकिटात. आणखी एक फोटो: तुम्ही आणि प्राणी एकाच चौकटीत, चेहरे स्पष्ट. हरवला आणि कोणी सांभाळला तर 'हा माझा' हे सांगायला बाकी काही लागत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर भरवसा ठेवू नका, बिल्ला पडतो. पट्ट्यावरच न पुसणाऱ्या पेनाने मोबाइल नंबर लिहा. मांजराच्या शीसाठी वाळू जड होते, फाडलेले पेपर आणि एक उथळ ट्रे पुरे.

औषधांचं मुद्दाम लिहितो, आमच्या कुत्र्याला फिट येतात. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेतो, पण परळ-हिंदमाता भरलं की तिकडे जाता येईल असं धरूच नये. गोळ्या घरात हव्यात.

बोकोबा · ५ मे, ९:१०

बैलघोडा! कित्येक वर्षांनी हा शब्द वाचला. माझे आजोबा मी अभ्यास केला नाही की 'तुला बैलघोड्यात भरती करतो' म्हणायचे.

भरतीओहोटी · ५ मे, ९:१५

एकोणिसाव्या शतकातलं आहे ते, तुझ्या आजोबांच्याही आधीचं. अशा बऱ्याच केसेस बघितल्या असतील त्यांनी.

कोळीवाड्याची_राणी · ५ मे, ११:४५

कॅरियरसाठी हजारो रुपये घालवू नका. भाजीवाल्याकडचे दोन प्लास्टिकचे क्रेट एकमेकांवर पालथे घाला, एका बाजूने केबल टाय लावले की बिजागरी झाली, दुसऱ्या बाजूला दोन हुक. हवा खेळती, धुवायला सोपं, वरून रेनकोट टाकायचा. पण मांजर त्यात आयत्या वेळी जाणार नाही, हातावर रक्त काढेल. आजपासूनच क्रेट उघडा करून तिच्या आवडीच्या कोपऱ्यात ठेवा, आत तुमचा न धुतलेला गाऊन, आणि रोज एक चिमूट सुकट. दार लावायचं नाही. आठवडाभराने दार लावा, सुकट द्या, उघडा. अगदीच वेळ आली तर उशीचा अभ्रा, डोक्यावरून घालायचा आणि तोंड धरून उचलायचं. सैल विणीचा हवा.

जिना_आमचाही_आहे · ५ मे, दुपारी ४:३०

भटक्यांचं कोणी लिहिलं नाही. मोठा पाऊस झाला की रस्त्यावरचे कुत्रे बिल्डिंगच्या जिन्यात येऊन बसतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध सुरू होतं. आमच्याकडे तह झालाय: पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधला टप्पा त्यांचा, गोणपाट मी टाकते, सकाळी पुसतेही मीच. हाकललं तर ते विजेच्या खांबाच्या चौथऱ्यावर चढून बसतात, तीच कोरडी जागा असते. अनवाणी, ओले, आणि खांबात करंट उतरलेला. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली काळी अशीच गेली. आपल्या कुत्र्यालाही साचलेल्या पाण्यातून खांबांपासून लांब न्या, आणि मॅनहोलचा भोवरा दिसला तर मागे फिरा.

स्पष्टवक्ता · ५ मे, ५:००

खांबाला करंट दिसला की १९१६ ला फोन करा. पालिकेचा आपत्तीचा नंबर आहे. हे माणसांसाठीही आहे.

केतकी_पश्चिम · २१ जून, रात्री ११:५०

धागा वर काढतेय, अहवाल द्यायचा आहे.

किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे दिली. (आजींनी त्यांचीही आम्हाला दिली, त्यांच्याकडे कासव आहे हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.) लस झाली. क्रेट केला. चिंगीने पहिले चार दिवस त्याच्याकडे बघितलंही नाही, पाचव्या दिवशी सुकट खाल्ली आणि गाऊनवर उलटी केली, आता त्यातच झोपते.

परवा लाल खुणेचा दिवस होता. दुपारी अडीचला मोरीतून उलटं पाणी यायला लागलं. मी ऑफिसात, नवरा ठाण्यात. आजींचा फोन आला: 'काळजी करू नकोस, मांजर वर आणलंय, पण कुत्रा उचलत नाही.' बंड्या २८ किलो. शेवटी स्टेशनमास्तरांनी लिहिलेली जुनी चादर पसरून त्यावर त्याला झोपवलं. चार टोकांना कोण? आजींचा नातू, इस्त्रीवाला, वॉचमन, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांनी बंड्याविरुद्ध मला आजवर तीन पत्रं दिली आहेत. पहिल्या टप्प्यावर दमले, टेकवलं, परत उचललं. सासूबाई मागून पिशवी घेऊन. पाणी घरात वीतभर आलं, रात्री उतरलं. साबणाने पुसलं, डॉक्टर.

आता एकच अडचण. पाणी उतरून दोन दिवस झाले, पण बंड्या रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीशी चादर ओढत नेतो, तिच्यावर आडवा होतो आणि सेक्रेटरींची वाट बघतो. काय करावं?

बोकोबा · २१ जून, ११:५४

पालखीची सवय लागली हो. आता सेक्रेटरींना फेटा आणा.